चक्राच्या आत आणि बाहेर

सातारा जिल्ह्यातले औंध संस्कृतच्या अभ्यासकांना ठाऊक झाले ते श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळामुळे. १९१८ ते १९४८ अशी तीस वर्षे या लहानशा संस्थानी गावातून वैदिक ग्रंथ छापून देशभर गेले. योगायोग असा, की १९१८ सालीच काश्मीर संस्थानात अभिनवगुप्ताच्या ‘तंत्रालोका’चा पहिला खंड निघाला, बारावा निघाला १९३८ मध्ये. एकीकडे वेद, दुसरीकडे तंत्र, आणि दोन्ही राजाश्रयाने. छापलेली पोथी मात्र घेणाऱ्याची जात विचारत नाही. म्हणूनच, वेद कानावर पडणे हाही ज्यांचा अपराध ठरला त्यांच्या घरातला मी आज हे ग्रंथ उघडून बसू शकतो.

आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना तंत्रमार्गाची ओढ आहे. तो वेदविरोधी, जातिविरोधी, असे ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. दहा महाविद्यांतल्या मातंगीला उष्ट्याचा नैवेद्य चालतो. तिचे एक नाव उच्छिष्टचांडालिनी. हजार वर्षांपूर्वीचा अभिनवगुप्त, स्वतः ब्राह्मण, पण जातीचा अभिमान हे बंधनच मानतो. सारे एका शिवाचेच रूप असेल तर शुद्ध काय नि अशुद्ध काय? त्याचा हा युक्तिवाद बिनतोड आहे.

पण ‘कुलार्णवतंत्र’ वाचताना मी थबकलो. भैरवीचक्र चालू असेतो सगळे वर्ण द्विज. चक्र उठले की ज्याचा वर्ण त्याला परत, असा तिथे चोख निर्वाळा आहे. म्हणजे समता रात्रीपुरती! ‘तंत्रालोका’चा तेराव्या शतकातला टीकाकार जयरथही आतून कौल राहून लोकव्यवहारात वैदिक आचारच पाळावा, याच मताचा. अॅलेक्सिस सँडरसन यांनी १९८५ साली काश्मिरी ब्राह्मणांच्या या दुपदरी जगण्याची नीट उकल केली. अद्वैत अनुभवायचे ते दाराला कडी लावून. चक्रात बसवलेली हलक्या जातीची बाई साधकाच्या मुक्तीचे साधन होते. सकाळी ती कुठे जाते, हे ग्रंथ सांगत नाहीत. तेवढेच मला विचारायचे आहे.

बाबासाहेबांनी हाच प्रश्न वेदान्ताला विचारला होता. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स’मध्ये ते मान्य करतात, की सर्वांत एकच ब्रह्म आहे हा विचार लोकशाहीचा भक्कम पाया ठरू शकला असता; मग त्यातून समाजात काहीच का उगवले नाही? तंत्राने निदान दार किलकिले केले, एवढा फरक मी मानतो. पण ते आतूनच लावूनही घेतले.

आटपाडी औंध संस्थानातलीच. तिथल्या महारवाड्यात १९२१ साली शंकरराव खरात जन्मले; तराळकीच्या घरातले ते जिणे त्यांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये लिहिले. माझ्याकडे कोणी विद्यार्थी ‘कुलार्णव’ मागायला आला, तर मी हे पुस्तकही त्याच्या हाती ठेवतो, आणि आधी हे वाच म्हणतो.