अभिस्तर ऊती म्हणजे काय? प्रकार, कार्ये आणि खर्ऱ्यामुळे तिचे होणारे नुकसान

शाळेच्या प्रयोगशाळेत केलेला एक प्रयोग आठवतो का? गालाच्या आतल्या बाजूवरून हलकेच काडी फिरवायची, ती काचपट्टीवर घासायची, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी आणि प्रत्येकीत एक निळा ठिपका दिसतो. त्या पेशी म्हणजेच अभिस्तर ऊती.

वर्धा जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, हीच ऊती रोज खर्ऱ्याचा मारा सोसत असते. म्हणून तिची ओळख परीक्षेपुरती नको, नीट करून घेऊया.

अभिस्तर ऊती म्हणजे काय?

सारख्या रचनेच्या आणि एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. प्राणी ऊतींचे चार मुख्य प्रकार आहेत: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. शरीराचा बाहेरचा पृष्ठभाग आणि आतल्या पोकळ्या व नळ्या यांना आच्छादणारी ऊती ती अभिस्तर ऊती.

तिची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवा:

- पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. मध्ये जागा जवळजवळ नसतेच.
- खाली एक पातळ तंतुमय पटल असते. ते या ऊतीला खालच्या संयोजी ऊतीपासून वेगळे करते.
- तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन आणि पोषण खालच्या ऊतीतून झिरपत येते.

तिसरा मुद्दा विसरू नका. कॅन्सरची गोष्ट तिथेच येऊन थांबते.

अभिस्तर ऊतीचे प्रकार

१. पट्टकी अभिस्तर: एकाच थराच्या अतिशय पातळ, चपट्या पेशी. फुप्फुसातील वायुकोश आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर यांत असतात. थर पातळ असल्यामुळेच ऑक्सिजन सहज रक्तात जातो.

२. स्तरित पट्टकी अभिस्तर: थरावर थर. त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा घासल्या जाणाऱ्या जागी असते. वरच्या पेशी झिजतात, खालून नव्या येतात. त्वचेचा बाह्यस्तर साधारण चार आठवड्यांत नवा होतो.

३. घनाभरूप अभिस्तर: ठोकळ्यासारख्या पेशी. मूत्रपिंडाच्या नलिकांत असतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते एक-दोन लिटर. बाकीचे पाणी आणि उपयोगी पदार्थ या नलिकांच्या पेशी परत शोषून घेतात.

४. स्तंभीय अभिस्तर: खांबासारख्या उंच पेशी. आतड्यात पाचकरस स्रवतात आणि अन्नरस शोषतात. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी उपयोगी पडते, कारण या पेशी साखर आणि मीठ एकत्र आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणीही जाते.

५. रोमक अभिस्तर: पेशींवर केसांसारखी बारीक रोमके असतात. श्वासनलिकेत ती धूळ अडकलेला चिकट स्राव वर ढकलतात. हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावात जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या श्वासनलिकेला हा झाडू अखंड चालवावा लागतो. बिडी-सिगारेटचा धूर रोमकांनाच निकामी करतो.

६. ग्रंथिल अभिस्तर: स्राव तयार करणाऱ्या पेशी. घाम, लाळ, श्लेष्मा ही यांचीच कामे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा शरीर थंड ठेवणारा घाम याच पेशी तयार करतात.

अभिस्तर ऊतीची कार्ये

संरक्षण, शोषण, स्रवण, वायूंची देवाणघेवाण, गाळणे, आणि चव-वास यांसारख्या संवेदना टिपणे ही या ऊतीची मुख्य कामे.

खर्रा खाल्ल्यावर तोंडात काय होते?

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेले मिश्रण. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावरचा खर्रा लोकांच्या गालातून गेलेला नाही. सुपारी आणि तंबाखू हे दोन्ही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीनुसार, माणसात कॅन्सर घडवणारे पदार्थ आहेत. म्हणजे "तंबाखू नको, नुसती सुपारी घोट" ही पळवाटही सुरक्षित नाही.

गालाचे अस्तर स्तरित पट्टकी असते, पण त्वचेसारखे कडक नसते. तास न् तास खर्रा धरून ठेवला की दोन गोष्टी घडू शकतात.

पहिली: सुपारीमुळे अस्तराखालच्या संयोजी ऊतीत घट्ट तंतू साचतात. वरचे अस्तर पातळ होते, तिखट झोंबते, गाल ताठ होतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. खर्रा सोडला तरी हा ताठरपणा पूर्णपणे जातोच असे नाही. म्हणून लवकर थांबण्याला महत्त्व आहे.

दुसरी: अस्तरावर पांढरे किंवा लाल चट्टे उठतात. त्यातील काही पेशींची वाढ बेताल होऊ शकते. तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच पट्टकी पेशींचे असतात.

आता तो तिसरा मुद्दा. अस्तरात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे बिघडलेल्या पेशी जोवर खालच्या पटलाच्या वर आहेत, तोवर त्यांना शरीरभर पसरायला वाट नसते. पटल ओलांडले की रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या गाठता येतात, आणि रोग मानेच्या गाठींपर्यंत पोहोचू शकतो. चट्टा वेळेवर दाखवण्याचा सगळा फायदा या पातळ पडद्यात आहे.

आरशासमोर दोन मिनिटे

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड तपासा. पुढीलपैकी काही दिसले तर डॉक्टरांना दाखवा:

- दोन आठवड्यांत न भरलेला छाला किंवा जखम
- पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
- स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे
- तोंडात किंवा मानेत गाठ, गिळताना त्रास

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचे चट्टे बहुधा दुखत नाहीत. जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनही सुरुवात करता येते. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे.

थोडक्यात

अभिस्तर ऊती झिजते आणि स्वतःच पुन्हा उभी राहते. तोंडाचे अस्तरही सतत नवे होत असते. पण खर्ऱ्याची पुडी रोज उघडत राहिली, तर तिला सावरायला उसंतच मिळत नाही. घरात कोणी खर्रा खात असेल, तर आजच त्यांना म्हणा, "जरा तोंड उघडून दाखवा."