मुद्दल कोष्ट्यांकडे, व्याज भिक्षूंना: अक्षयनीवीची कुळकथा

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक जमाखर्च कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो कोरवून घेतला. वर्ष ४२ वे. रक्कम ३,००० कार्षापण. त्यांतले २,००० गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक या दराने ठेवले, उरलेले १,००० कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला चिवरासाठी १२ कार्षापण मिळायचे, आणि दुसऱ्या ठेवीचे व्याज त्यांच्या किरकोळ गरजांसाठी होते.

हा हिशोब करून पाहावा. २,००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही. उषवदाताने किंवा त्याच्या कारकुनाने आधी भिक्षू मोजले, मग चिवराचा भाव पाहिला आणि त्यावरून मुद्दल ठरवले असावे. मला या लेखातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. देणाऱ्याने घेणाऱ्याची गरज इतक्या बारकाईने पाहिली, की दान आणि गरज यांच्यात काही उरलेच नाही. शिवाय ही नोंद गोवर्धनच्या निगमसभेत ऐकवून फलकावर लिहवून घेतली होती.

अशा न मोडायच्या ठेवीला अक्षयनीवी म्हणत. ती आली कुठून, हे पाहायचे तर सह्याद्री सोडून मगधात जावे लागते.

बुद्धाच्या संघात भिक्षूच्या गरजा चारच मानल्या होत्या: चीवर, भिक्षेचे अन्न, निवारा आणि आजारात औषध. या चारही गृहस्थाने द्यायच्या. भिक्षूने बदल्यात धम्म सांगायचा. पाली ग्रंथांत वस्तूंचे दान आणि धम्माचे दान अशी दोन दाने सांगितली आहेत, आणि दुसरे श्रेष्ठ मानले आहे. पण श्रेष्ठ दान करणाऱ्यालाही पावसाळ्यात अंगावर कोरडे वस्त्र लागते. अडचण एकच होती: विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, भिक्षूने सोनेनाणे हातात घ्यायचे नाही.

मग एखाद्या राजाने चिवरासाठी पैसेच पाठवले तर काय करायचे? विनयात याचे उत्तर आहे आणि ते मोठे मानवी आहे. भिक्षूने दूताला सांगावे, आम्ही पैसे घेत नाही, योग्य वेळी चीवर मात्र घेतो. दूताने विचारले तर एखाद्या उपासकाचे किंवा विहारातल्या सेवकाचे नाव सांगावे. पैसे त्या माणसाकडे राहतील. पुढे भिक्षूने त्याच्याकडे जाऊन फार तर तीनदा चिवराची आठवण द्यावी. तरी मिळाले नाही तर फार तर सहा वेळा त्याच्यापुढे गप्प उभे राहावे. तेवढ्यानेही मिळाले नाही तर नाद सोडावा आणि ज्याने पैसे पाठवले त्याला कळवावे, की तुमचे धन वाया जाऊ देऊ नका.

अक्षयनीवीचे बीज मला या नियमात दिसते. दाता एक, घेणारा दुसरा आणि पैसा सांभाळणारा तिसरा.

हा नियम सगळ्यांनी निमूट पाळला असे नाही. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे वज्जिपुत्तक भिक्षू उपोसथाच्या दिवशी पाण्याचे भांडे मांडून उपासकांकडून नाणी गोळा करू लागले. यश नावाच्या भिक्षूने हरकत घेतली आणि प्रकरण दुसऱ्या संगीतीपर्यंत, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेपर्यंत, गेले. तिथे ज्या दहा गोष्टींवर वाद झाला त्यांत सोनेनाणे घेणे ही एक होती आणि ती अमान्य ठरली. पण विहार दगडाचे होऊ लागले, भिक्षू वर्षानुवर्षे एका जागी राहू लागले, तसा हा प्रश्न पुन्हा पुढे आला. दाता मेल्यावर चीवर कोण देणार? पुढे मूलसर्वास्तिवादी विनयात विहारासाठी ठेवलेले धन व्याजाने कसे लावावे, तारण आणि साक्षी कसे घ्यावेत, याचे नियमच आले.

सह्याद्रीच्या घाटवाटांवर दान करणारे सगळे काही राजाचे जावई नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब निरनिराळ्या माणसांनी दिले, त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाचाही एक खांब आहे, म्हणजे धम्म सांगणाराच तिथे दाता झाला. कुड्याला कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दिले. तिथेच एका माळ्याचेही लेणे आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली, तर चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. ही नावे वाचताना बाजारपेठेतून फिरल्यासारखे वाटते.

पण खांब किंवा खोली एकदाच देता येते. रोजचे जेवण आणि वर्षाचे चीवर यांसाठी वाहता झरा हवा. जमीन हा एक मार्ग होता. उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेतले आणि त्याच्या उत्पन्नातून आपल्या लेण्यातल्या भिक्षूंच्या अन्नाची सोय केली. मात्र जमीन कसणारा लागतो, आणि राजकारण फिरले की शेत ओस पडते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांत नहपानाची अशी कितीतरी नाणी आहेत, ज्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. आपल्या अठराव्या वर्षी त्याने पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे एक माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, भिक्षूंना दिले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजमातेसह त्याने गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला आज्ञा पाठवली: ते शेत कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरची राजाची १०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी. शिवाय या नव्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही. आधीचे दान फळले नाही, हे राजाने भिंतीवर कोरू दिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

श्रेणीकडच्या ठेवीला नांगर लागत नव्हता. कोष्टी भांडवल वापरत, कापड विकत आणि व्याज भरत. विनयातल्या त्या तिसऱ्या माणसाची जागा आता अख्ख्या श्रेणीने घेतली. एक सेवक मरू शकतो, श्रेणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असा यामागे भरवसा असणार. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने हाच मार्ग धरला. तिने १,००० कार्षापण एका श्रेणीकडे, २,००० पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, ५०० तेल्यांकडे ठेवले. चार गरजांतली चौथी तिने निवडली होती: त्रिरश्मी विहारातल्या आजारी भिक्षूंचे औषध. पैसा तीनहून कमी ठिकाणी नव्हता, तेव्हा एक धंदा बसला तरी औषध बंद पडणार नाही, हे तिने बहुधा पाहिले असावे.

कान्हेरीला ही रीत आणखी कित्येक शतके चालली. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शिलाहारांच्या अमलाखाली, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकराने तिथल्या भिक्षूंच्या ध्यानाच्या खोल्यांसाठी आणि वस्त्रांसाठी १०० द्रम्म ठेवले. पुढे लेणी ओस पडली आणि ठेवीही थांबल्या.

महाराष्ट्रात भिक्षूंना द्यायचे दान पुन्हा घरोघरी आले ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर. आज वर्षावासात उपासक-उपासिका विहारात भोजनदान देतात, वर्षावास संपला की चीवरदान करतात.

धम्माच्या दानाची आजची एक रीतही नाशिक जिल्ह्यातच दिसते. इगतपुरीला १९७६ पासून ब्रह्मदेशातून आलेल्या परंपरेची विपश्यना शिबिरे होतात. सत्यनारायण गोएंका ही विद्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले. तिथे शिबिराला फी नाही, निवासजेवणाचे पैसे नाहीत, शिकवणारे आचार्य मानधन घेत नाहीत. सगळा खर्च आधी शिकून गेलेल्यांच्या दानातून चालतो. ज्याने किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच दान स्वीकारतात. बाकी कोणी कितीही मोठी रक्कम पुढे केली तरी ती घेतली जात नाही.