पामरांची सोयरीक आणि गहाण पडलेलं वऱ्हाड

नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी गेले. पुण्याच्या रेसिडेन्सीतून कर्नल विल्यम पामरने वर कळवलं की मराठी राज्यात जो काही शहाणपणा आणि नेमस्तपणा होता तो नानांबरोबर गेला. हा अभिप्राय आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सांगणारा कोण होता, त्याचं घरदार काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. सत्तावन्न वर्षांनी, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, मेडोज टेलर नावाचा साहेब बुलढाण्याला डेप्युटी कमिशनर म्हणून आला. आजच्या अकोल्याकडचा मुलूख तेव्हा बुलढाण्याच्या ठाण्याखालच्या उत्तर वऱ्हाडात मोडत होता. हा टेलर म्हणजे ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच. त्याच्या बायकोचं नाव मेरी पामर. नानांवर तो अभिप्राय लिहिणाऱ्या पामरची ती सख्खी नात.

एवढं एक नातं हाती लागलं आणि मी या घराण्याच्या मागे लागलो. कारण पुण्याचा आजोबा आणि बुलढाण्याचा नातजावई यांच्या मधल्या पिढीत एक माणूस बसला आहे, आणि त्याच्या हैदराबादच्या पेढीत वऱ्हाडच्या वसुलीचे कागद होते.

आधी आजोबा. हा विल्यम पामर हिंदुस्थानात येण्यापूर्वी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स या बेटावर होता. इंग्रजांची ही अमेरिकेकडची उसाची वसाहत. तिथे १७६१ मध्ये त्याने सारा हेझेल हिच्याशी लग्न केलं. त्या लग्नाचा मुलगा जॉन पुढे कलकत्त्यात व्यापाऱ्यांचा राजा म्हणून मिरवला आणि १८३० मध्ये त्याची पेढी बुडाली. बाप मात्र बंगालच्या फौजेत शिरला, वॉरन हेस्टिंग्जच्या मर्जीतला झाला आणि लखनौला पोचला. तिथे त्याच्या आयुष्यात फैजबक्ष आली. आपल्या गोष्टीतलं खरं जोडपं हेच.

फैजबक्ष कोण होती यावर एकमत नाही. घराण्यात चालत आलेली समजूत अशी की ती शहजादी होती. कोणी दिल्लीच्या घराण्यातली म्हणतं, कोणी अवधच्या. दुसरं मत असं की तिचा बाप इराणी वंशाचा, घोडदळातला सरदार होता आणि हे कुटुंब दिल्लीकडून लखनौला आलेलं होतं. मी दुसऱ्या बाजूचा. शाह आलम बादशहाने तिला ‘साहिब बेगम’ हा किताब दिला, आणि शहजादीच्या पक्षाचे लोक हाच पुरावा पुढे करतात. मला तो नेमका उलट वाटतो. जन्मानेच जी बेगम आहे तिला बेगम म्हणण्यासाठी बादशहाचा कागद कशाला लागेल? किताब मिळाला तो कंपनीच्या बड्या वकिलाची घरवाली म्हणून. दिल्लीच्या दरबाराला तेव्हा द्यायला किताबांखेरीज फारसं काही उरलंही नव्हतं. पुढच्या पिढ्यांनी त्या कागदावरून तिला मागे ढकलत ढकलत राजवाड्यात नेऊन जन्माला घातलं. आपल्याकडच्या वंशावळींत हेच होतं: इनाम मिळवणारा पणजोबा पाच पिढ्यांनी इनाम देणाऱ्याच्या वंशातला ठरतो.

या कुटुंबाचं एक मोठं तैलचित्र आहे, १७८५-८६ च्या सुमाराचं, अपुरं राहिलेलं, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. मधोमध पामर, त्याच्या शेजारी फैज, मुलं विल्यम आणि मेरी, आणि तान्हा हेस्टिंग्ज. चित्रकार कोण यावरही वाद. कधी ते रेनाल्डीच्या नावावर होतं, कधी झोफनीच्या. पण खरा वाद आहे तो पामरच्या दुसऱ्या अंगाला बसलेल्या, तशाच भारी पोशाखातल्या बाईवरून. विल्यम डॅलरिंपल तिला फैजची बहीण नूर ठरवतो. ही नूर पुढे शिंद्यांच्या फौजेच्या त्या प्रसिद्ध, मूळ सॅव्हॉयच्या सेनापतीची, द बॉयनची, बायको झाली. दुसरे अभ्यासक म्हणतात की ही पामरची दुसरी बीबी असावी. साहेबांच्या घरात तेव्हा ते नवलाचं नव्हतं. दुर्बा घोष यांनी या काळातल्या मृत्युपत्रांचा आणि दप्तरांचा अभ्यास केला आहे. त्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: हिंदी बायकांची नावं कागदोपत्री गाळलीच जात, म्हणून गोडगोड कुटुंबचित्र पाहून हुरळून जाऊ नये.

तरीही मी बहिणीच्याच बाजूने. जनरल झालेला पामर १८१६ मध्ये वारला. मृत्युपत्रात तो फैजचं नाव घेतो, पस्तीस वर्षांहून अधिक काळची मायेची सोबतीण म्हणतो. दुसरी बीबी चित्रात मिरवण्याइतकी मानाची असती तर तिच्या वाट्याला एखादं घर, एखादी नेमणूक आली असती. नाव नाही म्हणून माणूस नव्हतं, असं म्हणता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण जिथे एकीचं नाव इतक्या उघडपणे घेतलं आहे तिथे दुसरीचं गाळण्याचं कारण सापडत नाही. फैजला ‘बायको’ म्हटलेलं नाही, हेही त्याच मृत्युपत्रात दिसतं. ख्रिस्ती कायद्याच्या लेखी बायको एकच, आणि ती सेंट किट्सची.

एक सावधगिरीची गोष्ट. या घराण्यात विल्यम दोन आहेत आणि मेरीही दोन: चित्रातली मेरी ही जनरलची मुलगी, टेलरची मेरी ही त्याची नात. आत्या आणि भाची एकाच नावाच्या असल्या की जुन्या कागदांत भलतीच लग्नं लागतात.

आता मधली पिढी. धाकटा विल्यम पामर १७८० चा. इंग्रज बाप आणि हिंदी आई, म्हणजे कंपनीच्या दारात त्याला जागा नव्हती. १७९१ मध्ये कंपनीने ठरवून टाकलं होतं की आईबापांपैकी एक जण हिंदी असेल त्याला आमची नोकरी नाही. गोऱ्या सारेचा मुलगा जॉन कलकत्त्यात पेढी थाटतो आणि फैजचा मुलगा विल्यम निजामाच्या फौजेत जातो, तो असा. तिथून १८१४ मध्ये त्याने हैदराबादेत ‘विल्यम पामर आणि कंपनी’ काढली. भागीदारांत एक गुजराती सावकार होता, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या (हा वॉरन नव्हे) पालित मुलीशी लग्न केलेला विल्यम रंबोल्डही होता. कंपनीच्या रयतेने देशी राजांना कर्ज देऊ नये असा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये हेस्टिंग्जने या पेढीला त्यातून सूट दिली.

इथे वऱ्हाड येतं. निजामाचा कारभार राजा चंदुलालच्या हाती, वऱ्हाड-औरंगाबादकडे त्याचा भाऊ गोविंदबक्ष. रेसिडेंट रसेलने उभारलेल्या फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला व्हायला हवा, आणि खजिन्यात खडखडाट. मग पेढीने पगार आगाऊ द्यायचा आणि बदल्यात परगण्यांच्या वसुलीवर तनखा, म्हणजे त्यातून पैसे परस्पर उचलायचा हक्क, लावून घ्यायचा. रसेलच्या पलटणींनंतर औरंगाबादची फौज आणि वऱ्हाडचे स्वार यांचे पगारही याच पद्धतीने पेढीकडे गेले. व्याज वर्षाला चोवीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. १८२० मध्ये ६० लाखांचं मोठं कर्ज झालं. पुढे रसेलच्या जागी आलेल्या रेसिडेंट मेटकाफने चौकशी केली तेव्हा निघालं की त्यातले ८ लाख पेढीने बक्षिसी म्हणून आधीच कापून घेतले होते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. कुऱ्हाडीचा दांडा त्या काळी हैदराबादेत कोणाच्या हाती होता ते या कागदांवरून दिसतं.

माझा आग्रहाचा सिद्धांत आता सांगतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं ते कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी, सुमारे ४५ लाखांसाठी, हे सगळे सांगतात. मी म्हणतो गहाणखताचा पहिला मसुदा तीस वर्षं आधी झाला. पामरचं देणं एकदाचं मिटवायला इंग्रजांनी निजामाला पैसे दिले ते उत्तर सरकार प्रांताच्या पेशकशीवर. ती इंग्रजांकडून दरसाल ७ लाख निजामाला येत असे. तिचा हक्क कायमचा विकून त्याला मिळाले १,१६,६६,६६६ रुपये. आकडा विचित्र वाटतो, पण ७ लाख हे सालीना ६ टक्के धरून मुद्दल काढा, बरोबर तोच येतो. म्हणजे चोवीस टक्क्यांनी वाढलेलं कर्ज फेडायला ६ टक्क्यांच्या हिशोबाने कायमचं उत्पन्न विकलं. पुढच्या तीस वर्षांत ही पेशकश भरली असती २ कोटी १० लाख. १८५३ ची थकबाकी तिच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

यावर जाणकार सावकार हसेल. तो म्हणेल, १ कोटी १६ लाखांचं देणं तसंच ठेवलं असतं तर अठरा टक्क्यांनीही वर्षाला २१ लाख व्याज गेलं असतं. ७ लाख देऊन २१ वाचवले, सौदा फायद्याचाच. आणि कंटिंजंटवर वर्षाला ४० लाखांच्या आसपास खर्च असताना ७ लाखांनी काय होणार होतं? दोन्ही हिशोब बरोबर आहेत. माझं उत्तर इतकंच की तो सावकार देणं खरं धरून चालतो. त्यातलं किती मुद्दल आणि किती व्याजावरचं व्याज, हाच तर मेटकाफचा झगडा होता. शिवाय पगार आगाऊ घ्यायची चटक याच पेढीने लावली. पामरची पेढी १८२४ मध्ये बुडाली, चटक राहिली. सावकार बदलत गेले. पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने १८२५-२६ मध्ये ५०० बैलांवर वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेला, आणि पुढे त्याच पेढीकडे वऱ्हाडच्या वसुलीचे तनखेही आले. १८४५ मध्ये तिला हुसकावलं गेलं. अमरावतीच्या बाजारातून १८४२ मध्ये एका सावकाराने लाखभर बैलांवर मिर्झापूरला कापूस धाडल्याचं गॅझेटियर सांगतं. पैसा इथे मुबलक होता, फक्त तो सरकारात थांबत नव्हता.

म्हणून मी १७९१ च्या त्या ठरावाकडे बोट दाखवतो. फैजबक्षच्या मुलाला कंपनीने नोकरी दिली असती तर तो कुठेतरी कर्नल होऊन निवृत्त झाला असता. जरा ओढूनताणून आहे, कबूल. चंदुलालला दुसरा कोणी सावकार भेटलाच असता. पण लाटसाहेबाचा जावई ज्या पेढीत भागीदार आहे असा सावकार दुसरा नव्हता.

मेडोज टेलरही असाच कडेचा माणूस. लिव्हरपूलहून पंधराव्या वर्षी मुंबईला आला, पण नोकरी मिळाली निजामाच्या फौजेत, कंपनीच्या नाही. १८३२ मध्ये त्याने मेरीशी लग्न केलं. १८३९ मध्ये त्याची ठगांवरची कादंबरी आली. तिच्यातली टोळी उमरावती आणि एलिचपुरावरून जाते. मेरी १८४४ मध्ये वारली. १८५३ च्या तहाने वऱ्हाडबरोबर नळदुर्गही गेलं आणि टेलर तिथे नेमला गेला. १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडात पाठवताना रेसिडेंटने बजावलं होतं की फौज मिळणार नाही, कसंही करून मुलूख धरून ठेव. सासऱ्याच्या पेढीने ज्या वसुलीवर तनखे लावले तीच वसुली जावई आता इंग्रजांच्या वतीने सांभाळत होता. सासरा तेव्हा हैदराबादेत हयात होता; तो १८६७ मध्ये वारला.

टेलरने १८७२ मध्ये ‘सीता’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात बंडाच्या पार्श्वभूमीवर एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो. समीक्षक तिचं मूळ टेलरच्या उदार स्वभावात शोधतात. स्वभाव उदार असेल, पण बायकोची आजी कोण होती हे पाहिलं की इतकं लांब जायला नको. कादंबरीत सीता शेवटी मरते आणि नायकाला इंग्रज बायको मिळते. फैजबक्ष मात्र जनरलच्या मागे बारा वर्षं जगली आणि १८२८ मध्ये हैदराबादेत मुलाजवळ वारली.