बंदुकीचा चाप: तोड्यापासून रायफलीपर्यंत

केसांना लावतात तो चाप, कागद धरून ठेवतो तो चाप आणि बंदुकीचा ओढतात तोही चापच. पहिल्या दोहोंचे काम धरून ठेवण्याचे आणि तिसऱ्याचे सोडण्याचे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात बंदुकीच्या चापाचा बहुतेक काळ धरून ठेवण्यातच जातो. ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर एका लहानशा खाचेवर अडवलेला असतो आणि बोटाच्या दाबाने ती खाच सुटते. खाच खोल ठेवली तर चाप जड होतो, उथळ ठेवली तर बंदूक धक्क्याने उडण्याची भीती. चाप घडवणारा प्रत्येक कारागीर या पेचात सापडलेला आहे.

अगदी पहिल्या हातबंदुकांना चाप नव्हताच. एका हाताने नळी सावरायची आणि दुसऱ्या हाताने पेटता तोडा, म्हणजे सुताची वात, नळीच्या कानाला (दारू पेटवायच्या छिद्राला) लावायचा, म्हणजे नजर नेमावर न राहता तोड्यावर राही. व्हिएन्नात जपलेल्या 1411 च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात यावरचा तोडगा दिसतो: नागमोडी वाकवलेला लोखंडी दांडा. त्याच्या वरच्या टोकात तोडा अडकवलेला असे. खालचे टोक बोटांनी ओढले की तोडा रंजकावर, म्हणजे कानाशी ठेवलेल्या पेटवणीच्या दारूवर, टेकायचा. यात स्प्रिंग नव्हती आणि खाचही नव्हती. बोट जेवढे ओढील तेवढाच तोडा खाली येई. हे संथ होते, पण निर्धोक होते.

पुढे तोडा स्प्रिंगच्या जोराने रंजकावर आपटणारी कळ निघाली. तिने बार चटकन उडे, पण आपटण्याने कधी कधी तोडाच विझून जाई. त्यामुळे युरोपातल्या सैन्यांनी संथ कळच पसंत केली. झटक्याची कळ मात्र पोर्तुगिजांबरोबर पूर्वेकडे गेली. 1543 मध्ये ती जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली आणि तिथल्या लोहारांनी पुढची तीनशे वर्षे ती जवळपास तशीच घडवली. या जपानी बंदुकांचे मूळ गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन कारखान्यांत शोधणारे अभ्यासकही आहेत. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत कळ लाकडी दस्त्याच्या आत झाकलेली असे आणि चाप म्हणजे खाली लोंबणारी एक साधी पट्टी. मराठी फौजांत अशा बंदुका अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकल्या. हे मागासलेपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते, पण ते पुरते खरे नाही. मोडलेली कळ गावचा लोहार दुरुस्त करू शकत असेल, तर त्या हत्याराचे मोल शिपायाला कळते.

चकमकीच्या बंदुकीने चापाची रचना खऱ्या अर्थाने पक्की केली. फ्रान्समध्ये 1610 च्या सुमारास मारँ ल बुर्जवा या कारागिराने जी कळ रूढ केली, तिच्यात घोड्याला जोडलेल्या आतल्या चकतीवर दोन खाचा होत्या आणि त्यांत अडसरासारखा एक पोलादी तुकडा अडके. त्या तुकड्याला सिअर म्हणतात. अर्धा घोडा चढवला की सिअर खोल खाचेत रुते. मग चाप कितीही ओढला तरी बार उडत नसे. पुरा घोडा चढवला की उथळ खाच. सुरक्षितता आणि सहजता यांची अशी वाटणी करणारी ही कल्पना अडीच-तीन शतके पुरली.

तोवर जर्मन भाषक प्रदेशातल्या शिकारी व निशाणेबाज मंडळींनी वेगळी वाट धरली होती. त्यांच्या बंदुकांना दोन चाप असत. मागचा चाप ओढला की आत एक छोटी स्प्रिंग ताणून बसे. मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श झाला तरी ती सुटून सिअरवर ठोका देई. बोटाने मुख्य कळ सोडवायचीच नसल्यामुळे खाच खोल असूनही चाप अतिशय हलका राही. हीच रचना जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींवर गेली. पळत्या, धडपडत्या शिपायाच्या हाती असले हत्यार देणे म्हणजे शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालणे, म्हणून सैन्यांनी ती दूरच ठेवली. पुढे बार पेटवण्याची रीतही बदलली. 1807 मध्ये अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. त्यातून अशी दारू भरलेल्या टोपीची बंदूक आली, बोट ओढणे आणि बार उडणे यांतला वेळ घटला आणि चापातला प्रत्येक दोष नेमात दिसू लागला.

सैन्याला जड पण नेमके सुटणारे काहीतरी हवे होते. ते दोन टप्प्यांच्या चापाने दिले. जर्मनीची 1898 ची माउझर आणि ब्रिटिशांची ली-एनफिल्ड या दोन्हींत तो आहे. ली-एनफिल्डच्या चापाच्या वरच्या कडेला दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा सिअरला टेकून त्याला खोल खाचेतून बराचसा बाहेर सरकवतो. इथे बोटाला हलका, लांब प्रवास जाणवतो. मग दुसरा उंचवटा टेकतो, बोट एकदम अडते, आणि तिथून थोडा जास्त जोर दिला की बार सुटतो. खांद्यावरून रायफल पडली तरी खाच खोलच राहते, आणि नेम धरताना मात्र शेवटचा क्षण हाताला कळतो. भारतात ही रायफल इछापूरच्या कारखान्यात बनली आणि थ्री नॉट थ्री या नावाने महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत कित्येक दशके राहिली.

शिकारीच्या रायफलींत अमेरिकेने एकाच टप्प्याचा, आधी न सरकता एकदम सुटणारा चाप रुळवला. 1936 च्या विंचेस्टर मॉडेल 70 चा चाप मोजक्या भागांचा आणि उघडा, म्हणून धूळ-बर्फातही चालणारा. बंद पेटीतले नाजूक चाप त्याहून गुळगुळीत असतात, पण त्यांना स्वच्छता लागते. 2014 मध्ये रेमिंग्टन कंपनीने मॉडेल 700 च्या काही रायफली परत मागवल्या, कारण जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्यामुळे चाप न ओढताही बार उडण्याची शक्यता होती.

रायफल निवडणारे बहुधा चापाचे वजन पहिल्यांदा विचारतात. अनुभवी नेमबाजाच्या लेखी मात्र सुटण्याआधी चाप खरखरत सरकतो का, सुटल्यावर किती मागे जातो आणि दर वेळी त्याच दाबाला सुटतो का, हे प्रश्न जास्त मोलाचे. वजन जास्त असूनही काचेची काडी तुटावी तसा स्वच्छ सुटणारा चाप हलक्या पण चिकट चापापेक्षा चांगला नेम देतो. थंडीत हातमोजे घालून फिरणाऱ्या शिकाऱ्याने फार हलका चाप घेऊच नये.

स्पर्धेत मात्र वजन नियमानेही मोजले जाते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाने 500 ग्रॅमचे वजन तोलून धरावे लागते, 25 मीटर पिस्तुलाच्या चापाने 1000 ग्रॅमचे. 50 मीटर रायफलीला अशी किमान अट नाही. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, ते याच 50 मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या प्रकारात, 451.4 गुणांवर.