सावकाराची वही ते वायदेबाजार

भांडवलशाहीच्या रूपांतराची चर्चा निघाली की लंडन-न्यूयॉर्कची नावे घेतली जातात. परंतु कृष्णाकाठच्या सातारा-सांगली प्रांतातही या रूपांतराचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा सावकाराचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या ऋणनिवारणाचा कायदा झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख मोडत असे. मार्क्सच्या पश्चात १८९४ साली एंगल्सने प्रसिद्ध केलेल्या ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात सावकारी धनाचे लक्षण सांगितले आहे. हे धन उत्पादनाची रीत बदलत नाही. तिला शोषून निःसत्त्व मात्र करते. येथेही नांगर तोच राहिला, मोट तीच राहिली. जमीन तेवढी परहस्ते गेली.

दुसरा टप्पा उद्योगाचा व बँकेचा. बँका उद्योगांस भांडवल पुरविता पुरविता त्यांच्या स्वामी होतात, असा सिद्धांत रुडॉल्फ हिल्फर्डिंगने १९१० साली मांडला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. नांगर बदलला तो येथे. परंतु या उद्योगाच्या मुळाशी बँक नव्हती, औंधाधिपतींचा आश्रय होता. सांगली बँक निघाली १९१६ साली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली. गावची ठेव गोळा करून गावच्या व्यापाऱ्यास खेळते भांडवल पुरविणे, हेच अशा बँकांचे मुख्य कार्य. जर्मनीचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांदेखत घडला. उत्पादनात वाव न मिळालेले अतिरिक्त धन सट्ट्याकडे वळते, असे स्वीझी व मॅगडॉफ या अमेरिकन मार्क्सवाद्यांनी दाखविले होते. २००४ साली हळदीचे वायदे देशव्यापी संगणकीय बाजारात होऊ लागले. हरिपूरच्या पेवांतील हळद कधीही न पाहिलेला मनुष्यही आता तिच्या भावावर पैसा लावू शकतो. २००६ साली युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये आणि २००७ साली सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. यात केवळ बड्या भांडवलाचे आक्रमण पाहणे मात्र न्यायाचे नाही. युनायटेड वेस्टर्नचे स्वतःचे भांडवल अपुरे पडले होते, आणि विलीनीकरणानेच ठेवीदारांची पुंजी सुरक्षित राहिली.

तथापि ठेव वाचली म्हणजे सर्व वाचले असे नव्हे. सावकार ऋणकोला ओळखून नाडीत असे. गावची बँक त्याला ओळखून कर्ज देत असे. दूरस्थ भांडवलाला त्याची ओळखच लागत नाही. ठेव कृष्णाकाठची असूनही तिचा विनियोग कोठे व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार कृष्णाकाठी उरला नाही. मार्क्सवाद्यांचे सर्व निष्कर्ष मान्य नसणाऱ्यांसही या प्रश्नाचे उत्तर शोधावेच लागेल.