पोथीचे पत्रांक आणि लिनक्स रेडचा मेटाडेटा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
सुट्या पानांची हस्तलिखित पोथी विस्कटली तरी जाणकारास ती पुन्हा लावता येते. समासातील पत्रांक पानांचा क्रम सांगतो, तर अखेरची पुष्पिका बहुधा लेखनकाळ व लेखनिक यांची नोंद देते. अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडणाऱ्या ‘रेड’ पद्धतीपुढेही क्रमाचा हाच प्रश्न होता. लिनक्सने तो कसा सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘रेड’ची संकल्पना १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने रूढ झाली. लिनक्समध्ये आरंभी डिस्कसंचाची रचना स्वतंत्र फाइलमध्ये नोंदविली जाई. डिस्कची नावे बदलल्यास ही नोंद निरुपयोगी ठरे. म्हणून प्रत्येक डिस्कवरच ‘सुपरब्लॉक’ लिहिण्याची पद्धत आली. त्यात संचाची ओळखसंख्या, रेडचा प्रकार, डिस्कचे स्थान आणि ‘घटनांक’ असतो.

०.९० या जुन्या आवृत्तीत सुपरब्लॉक पुष्पिकेप्रमाणे डिस्कच्या अखेरीस असे व संचात २८ डिस्कची मर्यादा होती. प्रतिबिंबित संचातील डिस्क त्यामुळे सुटी वाचता येई. परंतु ती चुकून सुटी वापरली जाण्याचा धोकाही तेवढाच होता. पुढील १.० आवृत्तीने अखेरचीच जागा ठेवली, १.१ ने आरंभ निवडला, तर १.२ ने आरंभापासून चार किलोबाइट जागा सोडली. नील ब्राऊन यांनी विकसित केलेल्या व्यवस्थापन-साधनाने २०१० मध्ये १.२ हा प्रकार मूलनिवड म्हणून स्वीकारला.

घटनांक मागे राहिलेली डिस्क शिळी मानली जाते. शिर्डीच्याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत कालांतराने पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तेथे विवेकाने निवड झाली. घटनांक मात्र केवळ नवेपणा सांगतो, शुद्धता नव्हे. चुकीने पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

निष्कर्ष :
हस्तलिखितांचे अंकीकरण करणाऱ्या महाविद्यालयांनी रेडला स्वतंत्र प्रतीचा पर्याय मानू नये. संचाच्या मेटाडेटाची नोंद कागदावरही ठेवावी. बिघाड झाल्यावर घाईने त्याच डिस्कवर नवा संच निर्माण केल्यास जुने पत्रांकच खोडले जातात. मग पाने हाती असूनही पोथी लागत नाही.