अश्रूंच्या वाटेचा शोध

कर्करोगाची शस्त्रक्रिया यशस्वी होते, नाकालगतच्या पोकळीतील गाठ निघते, आणि तरीही काही महिन्यांनी रुग्ण डोळ्याला रुमाल लावून परत येतो. डोळा सतत पाझरत असतो. कधी त्याच्या आतील कोपऱ्याशी सूजही असते. तक्रार किरकोळ भासते, पण तिच्या मागे एक भीती उभी असते. ही नुसती तुंबलेली अश्रुपिशवी आहे, की कर्करोग परतला आहे? पुन्हा शस्त्र न लावता याचे उत्तर मिळावे, यासाठी वैद्यकाला शतकाहून अधिक काळ वाट शोधावी लागली.

अश्रू पापण्यांच्या आतील टोकांवरील सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत येतात आणि तेथून हाडातील नलिकेने नाकात उतरतात. ही नलिका वरच्या जबड्याच्या पोकळीला खेटूनच जाते. त्यामुळे त्या पोकळीच्या कर्करोगासाठी जबड्याचे हाड काढताना नलिकाही अनेकदा कापावी लागते. कापलेले तोंड व्रणाने आवळले गेले की वाट बंद होते. नंतरच्या किरणोपचारानेही ती अरुंद होऊ शकते.

वरचा जबडा काढण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील लियाँ येथे जोसेफ झाँसूल यांनी १८२७ मध्ये केली, तेव्हा भूल देण्याची विद्याही अवगत नव्हती. रुग्ण जगला, हेच तेव्हा पुष्कळ होते. पुढे १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी अश्रुपिशवीतून थेट नाकात नवी वाट काढण्याची रीत मांडली. उपाय सापडला, परंतु अडथळा नेमका कोठे आहे, हे दिसत नव्हते.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, पण मऊ अश्रुमार्ग त्यांत उमटत नसे. १९०९ मध्ये अमेरिकेतील नेत्रवैद्य युइंग यांनी त्यात बिस्मथचे लवण भरून छायाचित्र घेतले आणि अश्रुपिशवी प्रथमच डोळ्यांना दिसली. पुढे बिस्मथची जागा आयोडीनयुक्त तेलाने घेतली. तरीही द्रव्य पिचकारीने दाबून भरावे लागे, आणि दाबाखाली उघडलेली वाट एरवीही वाहतेच असे नाही. १९७२ मध्ये रोसोमोंडो व सहकाऱ्यांनी डोळ्यात किरणोत्सारी टेक्नेशियमचा केवळ एक थेंब टाकून त्याचा नैसर्गिक प्रवास टिपला. रचनेबरोबर कार्यही आता पाहता येऊ लागले.

त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला. शस्त्रक्रियेने बदललेल्या चेहऱ्यासाठी हे वरदान ठरले. अश्रुमार्गात द्रव्य भरून सीटी केल्यास उरलेले हाड, बंद तोंड आणि फुगलेली पिशवी एकाच चित्रात येतात. पिशवी गुळगुळीत कडेने भरली, तर बहुधा ती तुंबलेलीच असते. बाहेरून दाबणारी किंवा हाड कुरतडणारी गाठ दिसली, तर संशय बळावतो. तेव्हा एमआरआय साठलेला द्राव आणि घट्ट गाठ यांतील भेद दाखवते. अंतिम निवाडा मात्र तुकडा तपासूनच होतो.

भारताला हा विषय परका नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आले आहे. २०२१ मध्ये करोनापाठोपाठ काळी बुरशी पसरली. जूनअखेरपर्यंत देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. कर्करोग नसलेल्यांपुढेही आता अश्रूंच्या वाटेचा तोच प्रश्न आला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तर केवळ अश्रुमार्गाच्या अभ्यासाला वाहिलेली स्वतंत्र शाखा आहे.

झाँसूल यांच्या काळी जीव वाचणे हेच यश होते. आज वाचलेल्या माणसाचा डोळा कोरडा राहावा, हेही वैद्यक आपले कर्तव्य मानते. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर डोळा पाझरू लागला, तर ‘एवढे चालायचेच’ म्हणून गप्प बसू नये. पुढच्या तपासणीत ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.